पुण्यात नदीकाठचा फ्लॅट घ्यावा का? अर्धापूरचा मळा विकायचा विषय चाललाय

गोदाकाठ, नांदेड

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिते आहे, पण विषय आमच्या घरासाठी फार मोठा आहे. कृपा करून पूर्ण वाचा आणि मग सांगा.

लेक आणि सून पुण्यात असतात. तो खराडीला कंपनीत, ती दातांची डॉक्टर. सध्या विमाननगरला भाड्यानं राहतात. आता त्यांनी कल्याणीनगरात मुळा-मुठा नदीला लागून असलेला एक फ्लॅट पसंत केलाय. अकरावा मजला, तीन बेडरूम, कार्पेट पंधराशे चाळीस फूट, बेसमेंटला दोन गाड्यांची जागा. जुन्या मालकाकडून घ्यायचा आहे, इमारत नऊ-दहा वर्षांची असेल. मालक चार कोटी दहा लाख म्हणायलाय. लेकरांचं कर्ज आणि साठवलेलं धरून तीन कोटींपर्यंत जातंय. वरच्या रकमेसाठी आमचा अर्धापूरचा अडीच एकर केळीचा मळा विकावा, असं घरात चाललंय. मिस्टर पोस्टातून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, आपल्यामागं मळा कोण करणार आहे, हातपाय चालतात तोवरच लेकराच्या कामी येऊ द्या. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण इसापूरच्या कालव्यावरची ती जमीन आहे. आमच्या सासऱ्यांनी कोरडवाहू असल्यापासून धरून ठेवलेली. ती विकून काय घ्यायलो, हे मला नीट कळल्याशिवाय माझा जीव तयार होईना.

मागे जाऊन फ्लॅट बघून आलो. हॉलला भिंतभर काच, बाहेर चांगली रुंद बाल्कनी आणि खाली नदी. एजंट सकाळी अकराला घेऊन गेला. लख्ख ऊन पडलेलं, समोरच्या काठाला झाडी, बगळे बसलेले. लेक म्हणाला, "आई, रोज नदी दिसेल. नांदेड सोडल्यासारखं वाटणार नाही तुला." लेकरू मनापासून बोललं. मी बाल्कनीचं दार सरकवून बाहेर उभी राहिले. पाणी जागचं हलत नव्हतं. मधोमध जलपर्णीचा हिरवा पट्टा, काठाच्या बाभळींना हातभर उंचीवर प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या, आणि वास. एजंटनं दार लगेच लावून घेतलं, एसी चालू आहे म्हणाला. घरातल्या बाईंनी प्रत्येक खिडकीला बारीक जाळी बसवून घेतलेली दिसली.

निघताना मी बेसमेंट बघायचं म्हणलं. तिथं मीटरच्या खोलीत सगळी पॅनेलं छातीच्या वर बसवलेली आहेत आणि खालच्या भिंतीवर जुन्या खुंट्यांची भोकं सिमेंटनं बुजवलेली आहेत. रंग वरून दिलाय, पण बोट फिरवलं की भोकं लागतात. मी वॉचमनला विचारलं की ही वर का नेली. तो म्हणाला, मी नवीन आहे.

आम्ही वजिराबादचे. विष्णुपुरी धरणाची दारं उघडली आणि जुन्या पुलापाशी पाणी चढायला लागलं की नावघाट, खडकपुऱ्यातली माणसं गाठोडी घेऊन शाळांमधून येतात. अशा वर्गांत मी स्वतः खिचडी वाढलेली आहे. त्यामुळं ती भोकं बघून माझ्या मनातून तो विषय जाईना.

पुण्यात नदीकाठी राहणाऱ्यांनी सांगावं, वास आणि डास बारमाही असतात का. पुराचं कसं तपासायचं, कुठल्या ऑफिसात जायचं? आणि पैसा आमचा घालायचा तर कागदोपत्री काय काळजी घ्यावी?

परभणीची लेक, सध्या खराडी

काकू, आम्ही खराडीत नदीच्या बाजूच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो, भाड्यानं. खरं ते सांगते.

पावसाळ्यात नदी वाहती असते तेव्हा बाल्कनीत बसावंसं वाटतं. दिवाळीनंतर पाणी कमी होतं, मग जे उरतं ते बहुतेक शहराचं सांडपाणी. जानेवारीपासून जलपर्णी वाढते आणि संध्याकाळी सहा ते आठ दारं उघडताच येत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर डासांचे उंच खांब उठलेले व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. ते आमच्याच घराजवळचं. महापालिका मशीननं जलपर्णी काढते, थोडे दिवस बरं जातं, परत येते.

माझी सासू परभणीहून आली की दोन दिवस कौतुकानं बाल्कनीत बसते, नंतर पुढच्या बाजूच्या बेडरूममध्ये जप करायला जाते. तुम्ही एकदा संध्याकाळी जा. एजंटला न सांगता जा. एप्रिल-मेमध्ये जमलं तर अजून चांगलं.

धरणवाला, छत्रपती संभाजीनगर

ताई, पाटबंधारे खात्यात माझी नोकरी गेली, म्हणून पुराचं तेवढं सांगतो.

प्रत्येक मोठ्या नदीला शहराच्या हद्दीत दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकतो त्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई. निळी आणि लाल यांच्या मधे परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. तेव्हा इमारतीला मंजुरी आहे एवढ्यावरून ती पूररेषेच्या बाहेर आहे असं समजू नका. लेकाला महापालिकेच्या बांधकाम विकास विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढायला सांगा. पूररेषा त्यावर दिसते. मग सोसायटीकडून मंजूर नकाशा मागा आणि त्यात बेसमेंटची, पोडियमची समुद्रसपाटीपासूनची पातळी बघा. लाल रेषेची पातळी आणि ही पातळी शेजारी शेजारी लिहिली की चित्र स्वच्छ होतं.

अकराव्या मजल्यावर पाणी येणार नाही. पण अकराव्या मजल्यावरच्या माणसाचं सगळं खाली असतं. लिफ्टचा खड्डा, पाण्याचे पंप, पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी, जनरेटर, मीटर, गाड्या. बेसमेंटमध्ये चार फूट पाणी शिरलं की वर राहणारा म्हातारा माणूस आठवडाभर अडकून पडतो. तुम्ही भिंतीवरची भोकं बघितलीत ते फार चांगलं केलंत. पॅनेलं वर नेण्याची दोनच कारणं असतात. एक तर पाणी येऊन गेलं, नाहीतर शेजारी आलेलं बघून सोसायटीनं शहाणपणानं आधीच उचलली. कुठलं खरं, ते सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात असणार, कारण खर्च मंजूर करावाच लागतो. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२४ चा जुलै-ऑगस्ट, एवढ्या काळाची इतिवृत्तं मागून घ्या. द्यायला टाळाटाळ केली तर तेही उत्तरच समजा. शिवाय गेटजवळच्या इस्त्रीवाल्याला विचारा. त्याला पाणी कुठपर्यंत आलं ते वीतभरही न चुकता सांगता येतं.

आता वरच्या धरणांचं. पुण्याच्या वर मुठेवर खडकवासला, त्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही मिळून साठा २९ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास, पण त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसी. म्हणजे वरची धरणं भरली की खडकवासला पाणी धरून ठेवू शकत नाही, आलेलं तसंच सोडावं लागतं. तुम्ही नांदेडच्या, तुम्हाला हे लगेच कळेल. जायकवाडी १०० टीएमसीच्या वरचं आणि विष्णुपुरी तीन टीएमसीचंही नाही, तसाच हा प्रकार. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास विसर्ग होता आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. कल्याणीनगर मुळा-मुठेच्या संगमाच्या खालच्या अंगाला आहे. म्हणजे तिथं मुठेचं पाणी तर येतंच, शिवाय मुळेचं, मुळशी धरणाचं आणि पवनेचंही येतं. पात्र तिथं रुंद आहे हे खरं. पण दोन्ही नद्यांना एका दिवशी पूर आला तर काय, हा प्रश्न त्या काठावरच्या प्रत्येक इमारतीला विचारायलाच हवा.

जालनेकर, येरवडा

एवढं घाबरवू नका हो काकूंना. मी त्याच भागात नऊ वर्षं आहे. कल्याणीनगरला मेट्रोचं स्टेशन झालं, विमानतळ जवळ, मोठी हॉस्पिटलं रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवर. वय झालेल्या माणसांना नदीपेक्षा हे महत्त्वाचं. आणि नदीकाठी डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याची झाडी आहे. सकाळी तिथं खंड्या, बगळे, हिवाळ्यात बाहेरची बदकं, काय काय दिसतं. पुण्याच्या मध्यात एवढं हिरवं दुसरीकडं कुठं मिळणार?

नदीकाठ सुधारणेचं काम चालू आहे, ४४ किलोमीटरचा प्रकल्प आहे, मैलापाणी शुद्धीकरणाचे अकरा प्रकल्पही वेगळे आहेत. ते सगळं झालं की या फ्लॅटची किंमत कुठल्या कुठं जाईल. लेकाला समज आहे, त्याला घेऊ द्या.

धरणवाला, छत्रपती संभाजीनगर

जालनेकर, हॉस्पिटल आणि मेट्रोचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण मेट्रो त्याच भागातल्या नदीपासून अर्धा किलोमीटर आत असलेल्या घरालाही तितकीच जवळ आहे आणि ते घर स्वस्त पडतं. नदी साफ होईल तेव्हा होवो, मला मनापासून आनंद होईल. मात्र साफ नदीचा भाव मालक आजच लावायलाय आणि मळा आजच जाणार आहे. काठ बांधून काढला म्हणजे पाणी साफ होत नाही आणि पुराला लागणारी जागाही वाढत नाही. मी नोकरीत हेच सांगत आलो, आताही तेच सांगतो.

ॲडव्होकेट, लातूर

ताई, कागदांचं सांगतो.

आधी मळा. जमीन सासऱ्यांकडून आलेली असेल तर नणंदांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालंय का, आणि सातबाऱ्यावर त्याचा फेर (बदलाची नोंद) ओढलाय का, ते बघा. नसेल तर विक्रीच्या दिवशी तलाठ्याच्या दारात भांडणं होतात. कराचं असं आहे की ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर लागतच नाही. पण अर्धापूर आता नगरपंचायत आहे. हद्दीच्या आत किंवा हद्दीपासून सरळ रेषेत मोजलेल्या दोन किलोमीटरच्या आत जमीन असेल तर ती शहरी धरली जाऊ शकते. रस्त्यानं अडीच किलोमीटर आणि सरळ रेषेत पावणेदोन, असं झालेली प्रकरणं मी बघितली आहेत. शहरी ठरली तर विक्रीची रक्कम घरात गुंतवून सूट मागता येते, मात्र ते घर जमीन विकणाऱ्याच्या नावावर असावं लागतं. मिस्टरांनी जमीन विकली आणि घर एकट्या लेकाच्या नावावर झालं, तर ती सूट अडचणीत येते. तेव्हा आधी जागेची मोजणी, मग सीएचा सल्ला, मग इसार. हा क्रम उलटा करू नका.

आता फ्लॅट. पुनर्विक्रीचा आहे, त्यामुळं जीएसटी नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह सात टक्के, म्हणजे चार कोटी दहा लाखांवर अठ्ठावीस लाख सत्तर हजार. वर नोंदणीचे तीस हजार. खरेदी फक्त महिलांच्या नावावर केली तर एक टक्का सवलत, म्हणजे चार लाख दहा हजार वाचतात. पुरुषाचं नाव जोडलं की सवलत गेली. मालकाला पैसे देताना एक टक्का टीडीएस (आधीच कापायचा प्राप्तिकर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, ती पुष्कळ जण विसरतात. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी रीतसर सोसायटीकडं देणं, झालंय का हे विचारा. नऊ-दहा वर्षांच्या इमारतीत ते झालं नसेल तर का झालं नाही, हेही विचारा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेनं दिलेली परवानगी, डोळ्यांनी बघा. आणि एजंट जो चौरस फुटाचा भाव सांगतो, तो कार्पेटवर की बाल्कनी, जिना, क्लबहाऊस धरून, ते लिहून घ्या. रेरा कायद्याच्या कार्पेटमध्ये बाल्कनी येत नाही.

शेवटी तुमच्या पैशाचं. आईवडिलांनी लेकाला दिलेल्या रकमेवर त्याला कर नाही, पण नुसती खात्यात टाकलेली रक्कम म्हणजे तुमचा घरात हक्क नव्हे. एकतर खरेदीखतात तुमचं नाव हिश्श्यासकट घाला, नाहीतर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा आणि त्यात सांभाळाची अट स्पष्ट लिहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळ झाला नाही तर दिलेली मालमत्ता परत मागायचं. त्याचा आधार घ्यायची वेळ येऊ नये, पण अट लिहिलेली नसली तर तो आधार मिळणं फार कठीण जातं.

धाराशिवकर

ताई, मी फ्लॅटबद्दल काही सांगू शकत नाही, पण त्या पाण्याबद्दल सांगायचं आहे.

तुम्ही बाल्कनीतून जे बघितलं ते पाणी तिथून पुढं भीमेला मिळतं आणि उजनीत जातं. आमच्या धाराशिव शहराच्या नळाला उजनीचं पाणी आहे. सोलापूरही तेच पितं. लातूरकर कितीतरी वर्षं उजनीचं पाणी मागायलेत. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस आम्ही जवळून बघितलेत, त्यामुळं पाण्याला नाव ठेवायची आमची हिंमत होत नाही. पण चार कोटींच्या काचेमागून जो वास नको म्हणून दार लावून घेतात, तो खालच्या अंगाला आमच्याकडंच येतो. पुण्यात घर घेणाऱ्या आपल्या लेकरांनी सोसायटीच्या सभेत हा विषय काढावा. सोसायटीचा स्वतःचा शुद्धीकरण प्रकल्प चालतो का, की फक्त कागदावर आहे, हे घर घेताना विचारलंच पाहिजे. माझी एवढीच कळकळीची विनंती आहे.

गोदाकाठ, नांदेड

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मिस्टरांना चष्मा लावून सगळं वाचायला दिलं. मधल्या दिवसांत काय झालं ते लिहिते.

लेक आणि सून परवा संध्याकाळी सात वाजता तिथं जाऊन आले, एजंटला न कळवता. इस्त्रीवाल्यानं २०२४ ला बेसमेंटमध्ये पाणी आल्याचं सांगितलं. गुडघ्याच्या वर होतं म्हणे, दोन दिवस लिफ्ट बंद होती आणि सहाव्या मजल्यावरच्या एका आजोबांना डायलिसिससाठी खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं होतं. हे ऐकून सूनबाई रस्त्यावरच थांबली. तिनंच मला फोन केला. म्हणाली, "आई, मला नदी दिसली नाही तरी चालेल. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आपलं घर असं पाहिजे की लिफ्ट बंद पडली तरी त्यांना उतरता येईल."

मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला. लेक अजून थोडा नाराज आहे. त्याला खरंच वाटत होतं की आईला नदी दिली पाहिजे. मी त्याला स्पष्ट सांगितलं, बाळा, माझी नदी नगीनाघाटावर आहे, तिथं मी चालत जाते. पनवेल एक्स्प्रेसनं तुझ्याकडं येईन तेव्हा मला नातवाला घेऊन खाली उतरता येईल असं अंगण पाहिजे, बस.

मळ्याचं आम्ही असं ठरवायलोत की विकायचा नाही. वकील साहेबांनी हक्कसोडपत्राचं विचारलं, ते बघितलं तर धाकट्या नणंदेचा फेर ओढलेलाच नाही, त्यामुळं ते काम आधी लावलंय. विकायचं नसलं तरी ते व्हायलाच पाहिजे, तिचा हक्क तिला विचारून नीट लिहिला गेला पाहिजे. केळीला यंदा पाणी आहे, बाग चांगली आहे. बटाईनं करायला शेजारचा मुलगा तयार आहे. त्या उत्पन्नातून लेकरांच्या हप्त्याला वर्षाकाठी हातभार लावू, असं यांनी स्वतःहून म्हटलं. मला हे फार पटलं, कारण जमीनही राहते आणि लेकराला आपलं काही मिळतही राहतं.

तीन कोटींच्या आत, नदीपासून आतल्या बाजूला, त्याच भागात दोन फ्लॅट बघायचे आहेत. एक तिसऱ्या मजल्यावर आहे, मेट्रोच्या स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, समोर नुसता रस्ता आणि एक मोठं पिंपळाचं झाड. नावं सूनबाईचं आणि माझं घालायचं, असं लेकच म्हणाला, मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून. कर्ज दोघांचं आहे, बँक याला तयार होते का ते विचारायलोत. कुणाला अनुभव असेल तर लिहा.

टोकन अजून कुणालाच दिलेलं नाही. दोन्ही ठिकाणचे झोन दाखले मागवलेत. धरणवाले दादा, पातळ्या हातात आल्या की इथंच टाकते, तेवढ्या बघून सांगा.